टाळ, झांज व धातूची घनवाद्ये

टाळ, झांज व धातूची घनवाद्ये : परस्परांवर आपटून, कांडीने किंवा लोळीने आघात करून, अथवा क्वचित घासून ज्यांतून नाद काढला जातो, अशा धातूच्या वाद्यांचा वर्ग. टाळ, झांज, मंजिरी, घंटा, थाळी, तास, घुंगरू ही त्यांतील परिचित वाद्ये होत. तंतुवाद्यात तार, चर्मवाद्यात ताणलेले कातडे व सुषिर वाद्यात हवेचा स्तंभ कंप पावतो. घनवाद्यात मात्र वाद्याचे सबंध शरीरच कंप पावते. त्यामुळे हे वाद्य गाताना स्वरात लावता येत नाही. ते ज्या स्वराचे घडले, त्याच स्वराचे राहते. ह्या एका मर्यादेमुळे संगीतशास्त्राने त्यांना दुय्यम लेखले. परंतु ज्या तालाच्या आधारावर ते शास्त्र उभे आहे, त्या तालाचे नावच मुळी एका घनवाद्याचे आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले आहेत आणि घन म्हणजे ताल असे सरळ समीकरण मांडले आहे. एकतिसाव्या अध्यायातील तालविवेचनात हस्तक्रियांचे दोन प्रकार येतात : आवाप, निष्क्राम, विक्षेप व प्रवेश ह्या निःशब्द क्रिया आणि ध्रुव, शम्या, ताल व सन्निपात ह्या सशब्द क्रिया. येथे ‘ताल’ हे एका विशिष्ट टाळीचेही नाव आहे. म्हणजे एकाच शब्दाने वाद्य, हाताचा एक आघात आणि कालमापनाची सबंध रचना ह्या तिन्हींचा बोध होतो. व्याकरणदृष्ट्या हा शब्द प्रतिष्ठा, म्हणजे पाया, ह्या अर्थाच्या ‘तल्’ धातूपासून सिद्ध केला जातो. तांडवातील ‘ता’ व लास्यातील ‘ल’ मिळून ताल झाला, ही व्युत्पत्ती उत्तरकालीन व भक्तिरम्य आहे; तीवर भाषाशास्त्रीय भार टाकू नये. मराठीतील ‘टाळ’ हा संस्कृत ‘ताल’चाच पुत्र असून ‘टाळी’ ही त्याच घरातील होय.

भरताच्या चतुर्विध वर्गीकरणाला आधुनिक काळात अनपेक्षित फळ आले. कलकत्त्याचे सौरींद्र मोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यास भारतीय वाद्यांचा संग्रह भेट दिला. ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयाच्या संग्रहालयाचे प्रमुख व्हिक्टर माहियाँ यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या सूचीत वाद्यांचे चार वर्ग केले, ते ह्याच धर्तीवर. यूरोपीय वर्गीकरणात तोवर सर्व आघातवाद्ये एकाच गाठोड्यात बांधलेली असत. कातड्याचे वाद्य आणि धातूचे वाद्य यांत मूलभूत भेद आहे, हे त्यानंतर तेथे स्थिर झाले. पुढे १९१४ मध्ये एरिक फोन होर्नबोस्टेल व कुर्ट झाक्स यांनी ही पद्धती विस्तारली. जगभरच्या संग्रहालयांत आज वाद्ये ज्या वर्गांत मांडली जातात, त्यांतील ‘स्वयंनादी’ हा वर्ग म्हणजे भरताचे घनवाद्यच होय.

धातू व घडण : टाळेचा खरा धातू कासे. तांब्यात सु. २२ टक्के कथील मिसळले म्हणजे नादकांसे सिद्ध होते. कथिलाचे प्रमाण जसजसे वाढते तसतसा धातू कठीण होतो, त्यातील कंपने लवकर विरत नाहीत आणि नाद लांबतो. परंतु त्याच मानाने तो ठिसूळही होतो. काशाचे भांडे हातातून पडले तर पितळेच्या भांड्यासारखे पोचत नाही, तडकते, हा घरोघरचा अनुभव आहे. ज्या गुणामुळे कासे गाते, त्याच गुणामुळे ते फुटते. ह्या अडचणीवर कारागिरांनी दोन वाटा काढल्या. एक, वस्तू जाड ओतावयाची आणि चरकावर कातून घ्यावयाची. वारकऱ्यांचे टाळ व देवळांच्या घंटा ह्या वाटेच्या. दुसरी, कांशाचा लहान गोळा लाल होईतो तापवून तापलेल्या स्थितीतच ठोकून पातळ करावयाचा आणि लाल असतानाच पाण्यात बुडवावयाचा. सावकाश थंड होऊ दिल्यास सु. ५२० अंश सेल्सियसच्या सुमारास धातूच्या स्फटिकरचनेत एक अतिशय ठिसूळ घटक तयार होतो. एकदम विझविल्याने तो तयार होण्यास अवसर मिळत नाही. लोखंड तापवून पाण्यात बुडविले म्हणजे कडक होते, हे लोहाराचे नित्याचे ज्ञान; कासे बुडविले म्हणजे उलट चिवट होते, हे ज्या कोणी प्रथम ताडले त्याचे निरीक्षण अलौकिकच म्हटले पाहिजे.

हे ज्ञान भारतात फार जुने आहे. निलगिरीतील व तमिळनाडूतील आदिचनल्लूर येथील लोहयुगीन दफनांत उच्च प्रमाणात कथील असलेली पातळ कांस्यपात्रे मिळाली आहेत. विदर्भातील माहुरझरी व बोरगाव ह्या महापाषाणयुगीन स्थळांच्या कांस्यवस्तूंच्या धातुपरीक्षणातही तापवून ठोकण्याची व विझविण्याची प्रक्रिया दिसून आली आहे. ह्या वस्तू वाद्ये नव्हेत, पात्रे व अन्य उपयोगाच्या वस्तू आहेत. परंतु ज्याला काशाची वाटी अशी ठोकता येते, त्याला झांज ठोकणे अवघड नाही. आणि वाटी हातात घेऊन टिचकी मारल्यावर तिचा नाद कानी पडल्यावाचून राहत नाही. भारतात कथिलाच्या खाणी तुटपुंज्या असल्यामुळे ते बहुधा बाहेरून येई आणि महाग असे. म्हणूनच काशाच्या जागी तांबे व जस्त यांच्या मिश्रणाची पितळ वापरण्याचा मोह जुनाच आहे. पितळी झांज चकाकते, ती स्वस्त पडते आणि फुटत नाही. मात्र तिचा नाद उथळ असतो व चटकन विरतो.

चित्र, शिल्प व ग्रंथ : अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीभोवती बासरी, मृदंगादी वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रियांमध्ये टाळ धरलेली स्त्री आहे. तेराव्या शतकातील कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या छपरावरील पुरुषाहून उंच वादिकांच्या हातीही झांजा आहेत. अशा दृश्यांत टाळ धरणारी व्यक्ती प्रायः नर्तकीच्या निकट असते, ह्यावरून तिचे काम निव्वळ नादभर घालण्याचे नसून लय राखण्याचे होते, असे म्हणता येईल.

ग्रंथांपैकी घनवाद्यांचा सर्वांत नेटका विचार शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात आढळतो. हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला, म्हणजे तो महाराष्ट्राच्या भूमीत सिद्ध झाला. त्याच्या सहाव्या, वाद्याध्यायात ताल, कांस्यताल, घंटा, क्षुद्रघंटिका, जयघंटा, कम्रा, शुक्ती व पट्ट अशी आठ घनवाद्ये सांगितली आहेत. ती सगळीच धातूची नाहीत; कम्रा लाकडी आहे. ताल हे लहान व जाड, अग्नीत शुद्ध केलेल्या काशाचे, मध्ये खोलगट व छिद्र असलेले. कांस्यताल हे मोठे, कमळाच्या पानासारखे पसरट. पहिल्यात आपला टाळ व मंजिरी आणि दुसऱ्यात आपली झांज सहज ओळखू येते. शार्ङ्गदेवाने मापे अंगुळांत दिली, दोरी कोठून ओवावी, ती बोटांत कशी धरावी हे सांगितले. विद्वान ग्रंथकाराने एवढ्या बारकाव्यात शिरावे, ह्याचा अर्थ त्या काळी हे वाद्य दरबारी संगीताच्या आतल्या वर्तुळात होते. गोव्यात आजही घुमट व शामेळ यांच्या जोडीला आरतीत वाजणाऱ्या झांजेला ‘कासाळें’ म्हणतात. ग्रंथातील कांस्यताल लोकांच्या तोंडी असा टिकून राहिला आहे.

रत्नाकरातील जयघंटा ही नावाने घंटा असली, तरी रूपाने काशाची सपाट, गोल, जाड तबकडी आहे. ती टांगून काठीने वाजवीत. हिचा संबंध संगीतापेक्षा कालमापनाशी अधिक आला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील घड्याळजींचे सविस्तर वर्णन केले आहे. बुडाशी छिद्र असलेले पात्र पाण्यावर सोडावयाचे, ते सु. २४ मिनिटांत भरून बुडाले म्हणजे एक घटी झाली. मग उंच टांगलेल्या, दोन बोटे जाडीच्या धातूच्या तबकडीवर टोल द्यावयाचा. पहिल्या घटीला एक, दुसरीला दोन असे टोल वाढत जात आणि प्रहर पुरा झाला, की भराभर अनेक टोल पडत. रात्री मध्येच जागे झालेल्यास घटी कळे, पण प्रहर कोणता हे कळत नसे; म्हणून घटीच्या टोलांनंतर प्रहराचेही टोल द्यावेत असा हुकूम आपण काढल्याचे बाबर मोठ्या समाधानाने नोंदवितो. ‘घडियाळ’ हे त्या तबकडीचे नाव पुढे यंत्राला मिळाले आणि मराठीत ‘घड्याळ’ झाले. ‘तास’ ह्या शब्दाचाही एक जुना अर्थ टोल देण्याची काशाची थाळी असाच आहे. वाद्याचे नाव कालाला मिळावे, हे ‘ताल’ शब्दाच्या बाबतीत एकदा घडले होते. ‘तास’ शब्दाच्या बाबतीत ते पुन्हा घडले.

शास्त्रीय संगीतातून निर्गमन : इतके मानाचे स्थान असलेले हे वाद्य आज उत्तर हिंदुस्थानी गायनाच्या मैफलीत दिसत नाही. त्याचे कारण त्याच्या दोषांत नसून अवनद्ध वाद्यांच्या प्रगतीत आहे. प्राचीन पद्धतीत ताल दाखविण्याचे काम हात व घनवाद्य यांच्याकडे असे. मृदंग त्या चौकटीत भरणा व नटवणूक करीत असे. पखवाज व पुढे तबला यांच्या वादनात प्रत्येक तालाचा ठरीव बोलांचा ठेका रूढ झाला. ठेक्यातील बोलांवरूनच सम, खाली व भरी कळू लागल्यावर आवर्तन मोजणारा वेगळा टाळकरी अनावश्यक ठरला. कर्नाटक पद्धतीत ठेका नाही. तेथे तालाचे प्रदर्शन अजूनही हस्तक्रियेने होते. तरीही तेथील गायनसभेतून टाळ बाहेरच राहिला. तो नागस्वरम् व तविल यांच्या मेळात, भजनसंप्रदायात, हरिकथेत आणि नृत्यात टिकला. भरतनाट्याचा नट्टुवनार एक तबकडी पोलादी व दुसरी काशाची अशी विषम जोडी वापरतो. दोन धातूंच्या आघाताने नाद तीक्ष्ण व आखूड होतो आणि नर्तकीच्या पावलांचा प्रत्येक आघात वेगळा उठून दिसतो. तालाचे जुने अधिकारपद ह्या एका कलावंताच्या हाती तेवढे शिल्लक आहे. संपूर्ण नृत्य त्याच्या टाळावर चालते, नर्तकीच्या मागे तो जात नाही.

केरळात तर घनवाद्याने आपला मान मुळीच सोडला नाही. कूडियाट्टममध्ये नंगियार स्त्री रंगमंचावर बसून कुळित्ताळम् वाजविते. कथकळीत मुख्य गायक चेंगिला ही काशाची तबकडी वाजवून ताल देतो व त्याचा साथीदार इलत्ताळम् वाजवितो. तिमिला, मद्दळम्, इडक्का, कोंबू व इलत्ताळम् मिळून तेथील पंचवाद्य होते. आणि मंदिरोत्सवातील चेंडा मेळात इलत्ताळम् वाजविणाऱ्यांची रांगच उभी असते. आसामच्या सत्रांतील भोरताल हा फार मोठा व जड असतो. तो वाजविणारे वादक स्वतः नाचतातही. राजस्थानातील कामड स्त्रियांच्या ‘तेरा ताली’ नृत्यात नऊ मंजिऱ्या उजव्या पायाला, दोन दंडांना व दोन हातांत असतात आणि हातातल्या मंजिऱ्या दोरीने भोवंडून उरलेल्या अकरांवर आघात करतात.

महाराष्ट्रातील टाळ : ज्या यादवकाळात देवगिरीस संगीतरत्नाकर लिहिला गेला, त्याच्या पाऊणशे वर्षांच्या आतबाहेर पंढरपूरच्या वाळवंटात ज्ञानदेव-नामदेवांच्या प्रभावळीचे कीर्तन उभे राहिले. दोन्ही ठिकाणी वाद्य तेच, परंतु भूमिका अगदी वेगळी. ग्रंथात एक जाणता टाळकरी अनेकांना ताल दाखवितो. भजनात प्रत्येकाच्या गळ्यात टाळ असतो. ताल दाखविणारा व ताल पाळणारा असा भेद तेथे राहत नाही. टाळ शिकण्यास फार सायास लागत नाहीत, त्याला स्वरज्ञान लागत नाही, तो एकदा घेतला की पिढ्यान् पिढ्या चालतो आणि ऊनपावसाने बिघडत नाही. कातड्याचे वाद्य पावसात सादळते. आषाढात पायी चालणाऱ्या समाजाने धातूचे वाद्य निवडावे, ह्यात व्यवहारही आहे.

‘टाळकुटे’ हा शब्द मराठीत हेटाळणीचा झाला, त्याचाही येथे विचार केला पाहिजे. संतांच्या शिकवणुकीने समाज निवृत्त व दुर्बळ झाला असा आक्षेप इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घेतला; उलट न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात संतांच्या चळवळीला राष्ट्रबांधणीचे श्रेय दिले. त्या वादाचा निर्णय वाद्यावरून लागणार नाही. मात्र दिंडीचे निरीक्षण केल्यास टाळ कुटणे हे शिस्तीचे काम आहे, एवढे मान्य करावे लागते. वीणेकरी एक, पखवाजी एक किंवा दोन आणि टाळकऱ्यांच्या समोरासमोर रांगा. पावलीचे खेळ चालू असता पाऊल, वाकणे, वळणे व टाळेचा आघात ही सगळ्यांची एकदम पडतात. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा सुरू केली असे मानतात. ज्ञानेश्वरांच्या पालखीसोहळ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी जवळजवळ लष्करी घडी घालून दिली. ह्या सोहळ्यातील समाजआरतीच्या वेळची एक रूढी लक्षणीय आहे. मुक्कामाच्या तळावर सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा एकच कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करून इशारा देतो आणि क्षणात सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि मगच पुढे हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा, दुसऱ्या दिवशीच्या कूचाची वेळ व आरती होते. हजारोंच्या शांततेत वाजत राहिलेली एका दिंडीची टाळ म्हणजे तिचा अर्ज होय. वाद्याला एवढा नेमका सामाजिक अर्थ लाभल्याची दुसरी उदाहरणे विरळा.

वादनरीती : वारकरी टाळेच्या दोन वाट्या एकाच दोरीने जोडलेल्या असतात. दोरी बोटांभोवती गुंडाळून डाव्या हातातील वाटी किंचित वर तोंड करून स्थिर धरतात आणि उजवी वरून तिरकी उतरवतात. दोन्ही कडा एकाच वेळी तंतोतंत जुळल्या, तर आतली हवा कोंडून नाद बसतो, ‘फट्’ असा आवाज येतो. म्हणून कडा किंचित सरकवून भिडवाव्या लागतात. आघात होताच उजवा हात सुटला पाहिजे. तो रेंगाळला, तर एक वाटी दुसरीचा कंप मारते. नवशिका टाळकरी ओळखण्याची खूण हीच. उघडा नाद व दाबून धरलेला मिटका नाद ह्या दोहोंच्या अदलाबदलीतूनच सर्व चलने बांधलेली असतात. भजनी ठेक्यात गती संथ असताना उघडे आघात विरळ ठेवतात. द्रुत लयीत मधल्या जागा मिटक्या आघातांनी भरतात. जोडीतील दोन वाट्यांचे स्वर अगदी एक नसणे इष्ट असते. त्यांत अल्प अंतर असले म्हणजे दोन नादांच्या मिश्रणाने आंदोलन उत्पन्न होते आणि टाळ ‘बोलते’. धातूच्या तबकडीचे उपस्वर तारेच्या उपस्वरांप्रमाणे मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात. म्हणून टाळेचा निश्चित असा एक स्वर कानाला लागत नाही आणि गायक कोणत्याही पट्टीत गायला तरी ती विसंवादी वाटत नाही. पट्टी न जुळविता शेकडो टाळ एकत्र वाजू शकतात, याचे कारण हेच. क्लाड्‌नी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याची कड गजाने घासली आणि वाळूच्या आकृत्यांवरून कंप पावणारे व स्थिर राहणारे भाग दाखवून दिले. झांजेला भोक मध्यभागी का पाडतात व आघात कडेवर का करतात, याचे उत्तर त्या आकृत्यांत आहे. टांगलेल्या तबकडीचा मध्य दोरीने धरला, तरी कडेच्या कंपांना बाध येत नाही.

झांज मोठी, पातळ व मध्ये ठळक उंचवटा असलेली. आरती, नारदीय कीर्तन, गोंधळ व पोवाडा यांत ती वाजते; ढोलताशांच्या पथकात ताशाच्या कडकडाटातून ऐकू जाणारे घनवाद्य तीच. तमाशात मंजिरीबरोबर लोखंडी कडे वाजवितात. चिपळी व लेझीम ही लाकडी बांध्याची, पण चकत्यांच्या झणत्काराने बोलणारी वाद्ये. ह्या सर्वांत आघाताची रीत मूलतः एकच आहे.

तिला अपवाद आहे तो नाशिक जिल्ह्याचा डोंगराळ भाग व त्याला लागून असलेला डांग येथील कोकणा समाजाच्या थाळीचा. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाचा गोळा चिकटवून त्यात एक बारीक सरळ काडी उभी करतात. कथेकरी दोन्ही हातांच्या बोटांनी ही काडी वरून खाली हलकेच ओढीत राहतो. घर्षणाने काडी कंप पावते, तो कंप मेणातून थाळीत उतरतो व एक सलग, घुमणारा, भुंग्याच्या गुंजारवासारखा नाद निघतो. त्या आधारस्वरावर रात्रभर कथा चालते. थाळी येथे ताल धरत नाही, तंबोऱ्याचे काम करते. घनवाद्य म्हणजे ताल हे भरताचे समीकरण ह्या एका वाद्यापुरते लागू पडत नाही. आणि ज्यांची नावे कोणत्याही संगीतग्रंथात नाहीत अशा लोकांनी हा शोध लावला, हे विशेष. ह्या थाळकथांचे संकलन गेल्या काही दशकांत झाले आहे, पण संकलनात शब्द येतात. बोटांनी काडी ओढण्याचा अभ्यास कागदावर उतरत नाही.

घंटेचा प्रवास : घंटा ही संकेताची वस्तू, संगीताची क्वचितच, तथापि महाराष्ट्रात तिला एक निराळा इतिहास आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातील अनेक देवालयांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची (१७४७) घंटा त्यांपैकीच. तीवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणीसांच्या वाड्यालगतच्या देवळातील घंटेवर १७०७ हे साल व बाल येशूसह मेरीची आकृती आहे. चर्चमध्ये घंटा स्वतः झुलते व लोळी तिला भिडते. देवळात घंटा स्थिर असते व लोळी हलवितात. झुलण्यासाठी ओतलेल्या ह्या घंटा स्थिर टांगल्या गेल्या, तेव्हा त्यांचे वादन बदलले. नाद बदलण्याचे कारण नव्हते. जिंकलेल्या तोफा वितळवून घंटा करण्याची आणि घंटा वितळवून तोफा करण्याची चाल यूरोपात होती. येथे त्या वितळविल्या गेल्या नाहीत, धर्म बदलून तशाच टांगल्या गेल्या.

सद्यःस्थिती : अलीकडे अनेक देवळांत विजेवर चालणारी नगारा-घंटा-झांजेची यंत्रे बसविली गेली आहेत. त्यांची गती ठरीव असल्यामुळे आरती म्हणणाऱ्यांना यंत्रामागे धावावे लागते. आरतीच्या शेवटी लय वाढविण्याची जी स्वाभाविक रीत आहे, तिला ही यंत्रे जुमानत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते टाळ बाजूस सारणाऱ्या कारणांत हे सर्वांत क्षुद्र आहे. धातूचा प्रश्न अधिक गंभीर. कथील महाग असल्यामुळे बाजारातील टाळांत कथिलाचे प्रमाण घटते किंवा निव्वळ पितळेवर काशाचा रंग चढविला जातो, आणि काशाचा नाद ज्यांनी ऐकलेला नाही अशा ग्राहकाला तो फरक कळत नाही.

जुने टाळकरी टाळ विकत घेताना डोळ्यांवर विसंबत नाहीत. एक वाटी दोरीने टांगावयाची, कडेला दुसऱ्या वाटीच्या कडेने अलगद एकच आघात करावयाचा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबावयाचे. पितळ असेल, तर तो लवकर संपतो. कासे असेल, तर तो प्रथम खाली बसल्यासारखा वाटून पुन्हा हेलकावे घेत दूरवर जातो. मध्ये कोठे चिरटा आवाज आला, तर वाटीला डोळ्यांस न दिसणारी चीर आहे असे समजावयाचे आणि ती परत ठेवावयाची. मग हीच परीक्षा दुसऱ्या वाटीची. दोन्ही उत्तम निघाल्या, तरी त्या एकमेकींच्या जोडीच्या असतीलच असे नाही. म्हणून दुकानातील सर्व वाट्या समोर मांडून, एकीला जोडीण सापडेपर्यंत हा उद्योग चालतो.